कोयत्याची नोंद आहे, बाईची कुठे आहे?

(तीर्थपुरी, ता. घनसावंगी, जि. जालना येथे ऊसतोड महिलांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी दिवाळीच्या आसपास आपल्या गावांतून टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी थेट कर्नाटकात. नवराबायको फडात, लेकरं आजीजवळ. ही ताटातूट आपण अंगवळणी पाडून घेतली आहे.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. राज्याच्या, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. कर्नाटकातल्या फडावरून एक बाई मला रोज फोन करून विचारायची, "ताई, माझी पोर जेवली का?"

17 एप्रिलला महाराष्ट्र सरकारने राज्यात अडकलेल्या ऊसतोड कामगारांना तपासणी करून घरी पाठवायचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. पण आम्ही अडकलेल्यांची नावं गोळा करायला बसलो, तेव्हा मुकादमाच्या वहीत सापडला फक्त 'कोयता'. कोयता म्हणजे जोडपं. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेबही त्याच्याच नावावर. बाईचं नाव नाही, कोपीवर सोबत असलेल्या लेकराचं तर नाहीच.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. 2018 साली अमेरिकेच्या सरकारने मेक्सिकोच्या सीमेवर स्थलांतरितांची हजारो मुलं आईबापांपासून वेगळी केली. 26 जूनला न्यायालयाने आदेश दिला: लहानग्यांना 14 दिवसांत, बाकीच्यांना 30 दिवसांत आईबापांकडे सोपवा. तेव्हा दिसलं की कोणतं मूल कोणाचं, याची नीट नोंदच सरकारकडे नव्हती. 2021 मध्ये नव्या सरकारला त्यासाठी खास कृतिदल नेमावं लागलं. वेगळं करायला नोंद लागत नाही, भेट घडवायला लागते.

आपल्याकडे 1979 च्या कायद्याने, परराज्यात नेलेल्या कामगाराला फोटो लावलेलं पासबुक देणं ठेकेदारावर बंधनकारक केलं होतं. आज इथे विचारलं, ते कोणी पाहिलंय? एकही हात वर झाला नाही. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत गेला. कायदा बदलला, तरी आपलं नाव आपोआप कागदावर येणार नाही.

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं ओळखपत्र प्रत्येकीने स्वतःच्या नावाने मागायचं. नवऱ्याच्या कार्डावर भागवायचं नाही. आणि टोळी निघण्याआधी गावात एक वही ठेवायची: कोण गेली, कुठल्या कारखान्याला, कोणत्या मुकादमाबरोबर, लेकरं कोणाजवळ.

उद्या पुन्हा सीमा बंद झाली, तर सरकारच्या दारात आपण ही वही घेऊन जाऊ.