शेवटच्या सायकलीचा वेग

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका भाषणाचा मजकूर)



रायपूर शहराच्या उत्तरेस असलेल्या उरला औद्योगिक क्षेत्राच्या रस्त्यावर रविवारी पहाटे सायकलींचे दोन प्रवाह एकमेकांसमोरून जातात. पहिला प्रवाह रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या कामगारांचा. स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ अंगावर, हँडलला रिकामा डबा, सायकल जुनी, जड आणि बहुधा दिव्याविना. दुसरा प्रवाह हौशी सायकलस्वारांचा. डोक्यावर हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा, सायकल हलकी आणि गिअरची. एकाची सायकल पोटासाठी फिरते, दुसऱ्याची प्रकृतीसाठी आणि आनंदासाठी. ही गाठ क्षणभराची असते. परंतु सायकल क्लब या नव्या सामाजिक संस्थेचा विचार करताना याच क्षणापासून आरंभ करणे उचित ठरेल.

साठ वर्षांपूर्वी सायकल ही हौस नव्हती, गरज होती. शाळेच्या फाटकाशी लागलेली सायकलींची रांग पाहून पटावरची हजेरी सांगता येत असे. सायकल शिकायची ती तासाच्या भाड्याने आणून, दांडीखालून पाय घालून, अर्धी कैची मारत आणि गुडघे फोडून घेत. धाकटे भावंड दांडीवर आणि दप्तर कॅरियरला, अशी कित्येकांची शाळा झाली. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. पुढे घरोघरी स्कूटर आणि मोटारसायकल आली, आणि सायकल जिन्याखाली गेली. गेल्या काही वर्षांत ती पुन्हा बाहेर आली आहे. मात्र या वेळी ती एकटी आलेली नाही. सोबत सवंगडी घेऊन आली आहे.

सोबतीने सायकल चालवण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये सायकलने प्रवास करणाऱ्यांचा पहिला मोठा क्लब १८७८ साली स्थापन झाला. फ्रान्समधील सेंत-एतिएन येथे पॉल द व्हिव्ही या सायकलवेड्या गृहस्थाने आपल्या नियतकालिकातून सहलीचे साधे नियम सांगितले. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, आणि निव्वळ मोठेपणा मिरवण्यासाठी पेडल मारू नये, असा त्यांचा आशय होता. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. वाटेत काही जण वेगळे झाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटरचा प्रवास पुरा करून मुंबईस परतले. अलीकडच्या काळात नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. रायपूरहून जवळचे मोठे मराठी शहर म्हणजे नागपूर, तेथील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली हीच शर्यत एकट्याने पार केली.

ही नावे अभिमानाने घ्यावीत अशीच आहेत. परंतु क्लबचे खरे बळ विक्रमवीरांत नसून रविवारच्या त्या वीस-पंचवीस सामान्य माणसांत असते. त्यांत बँकेतले अधिकारी असतात, निवृत्त शिक्षक असतात, गृहिणी आणि महाविद्यालयीन मुले असतात. नाशिकच्या सायकलस्वारांनी पंढरपूरची वारी सायकलवरून करण्याचा परिपाठ घातला, तेव्हा त्यांनी नवे काही आणले असे नव्हे. दिंडीत जसा वृद्ध वारकरी मागे पडू दिला जात नाही, तीच रीत त्यांनी चाकांवर चढवली.

ही रीत म्हणजेच समूह-सायकलिंगचा पाया होय. चांगल्या क्लबात सर्वांत पुढे वाट माहीत असलेला म्होरक्या असतो आणि सर्वांत मागे एक अनुभवी स्वार. त्या मागच्याचे काम एकच असते, आपल्या मागे कोणी राहू न देणे. पुढचा खड्डा दिसताच हात खाली करून दाखवतो. ती खूण एकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटापर्यंत पोहोचते. वारा समोरून असला की पुढचा स्वार तो अंगावर घेतो आणि मागच्याचे श्रम बरेच कमी होतात. थोड्या वेळाने पुढचा मागे येतो आणि दुसरा पुढे जातो. कोणाची चाकातली हवा गेली तर सगळे थांबतात. पंप एकाचा, पॅच दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचे. ठरलेल्या वळणावर पुढचे मागच्यांची वाट पाहतात. आणि येथेच क्लबाची परीक्षा होते. मागचा धापा टाकत पोहोचला की पुढचे, ज्यांची विश्रांती केव्हाच झाली आहे, ते लगेच पेडल मारतात. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्याला ती मिळतच नाही. जाणता म्होरक्या हे ओळखतो. तो शेवटच्या माणसाने पाणी पिऊन श्वास घेतल्याखेरीज निघत नाही. गटाचा वेग म्हणजे शेवटच्या सायकलीचा वेग, हे ज्याला समजले त्याला क्लब समजला.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे या प्रकारातही हीच वृत्ती आहे. दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास, सहाशेसाठी चाळीस तास अशी मुदत असते. मुदतीत जो पोहोचला तो यशस्वी. पहिला-दुसरा क्रमांक नसतोच. गुणांच्या आणि टक्क्यांच्या स्पर्धेत वाढलेल्या मुलांना असा एखादा अनुभव घडावा, हे शिक्षकांना निराळे सांगावयास नको.

रायपूर परिसरात अशा सहलींना वाटा पुष्कळ आहेत. ज्याने नुकतीच सुरुवात केली आहे त्याला खारून नदीवरचा महादेव घाट पुरे. थोडा सराव झाला की नवा रायपूरचे रुंद, मोकळे रस्ते. त्यापुढे साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर राजिम. तेथे महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम आहे, राजीवलोचनाचे प्राचीन मंदिर आहे, आणि नदीपात्रात उभे असलेले कुलेश्वर महादेवाचे देवालय आहे. मुक्कामाची सहल काढायची तर सिरपूर, सुमारे ऐंशी किलोमीटर. पहाटे निघून, आरंगमध्ये पोहे-जिलेबी किंवा गरम चिला खाऊन, महानदी ओलांडून दुपारपर्यंत तेथे पोहोचता येते. सातव्या शतकाच्या सुमारास राणी वासटेने पतीच्या स्मरणार्थ बांधवलेले विटांचे लक्ष्मण मंदिर तेथे आजही उभे आहे. पाठ्यपुस्तकातील एक ओळ म्हणून वाचलेले दक्षिण कोसल, ऐंशी किलोमीटर पाय चालवून पाहिले म्हणजे जन्मभर विसरत नाही. मोटारीच्या काचेतून दिसतो तो देखावा; सायकलवरून भेटतो तो प्रदेश. भाताच्या खाचरांचा वास येतो, गावचा पोरगा शेजारून शर्यत लावतो, हातपंपावरची बाई पाणी देताना कुठून आलात म्हणून विचारते.

पालकांच्या मनात या ठिकाणी एक प्रश्न उभा राहतो आणि तो अगदी रास्त आहे. ट्रकांची वर्दळ, उन्हाळ्याचा ताप, पावसाळ्यातला निसरडा रस्ता, यांत मुलाला, विशेषतः मुलीला, सोडायचे कसे? याचे उत्तर धीराच्या शब्दांत नाही, शिस्तीत आहे. हेल्मेटविना कोणी निघणार नाही. जड वाहनांच्या रस्त्यावर एकामागे एक रांगच राहील. चैत्र-वैशाखात ऊन चढण्याआधी घर गाठले जाईल. मुलगी आपल्या गटात कोणामागे आणि कोणापुढे आहे, हे तिच्या आईला ठाऊक असेल. एकटीने पहाटे पाचला बाहेर पडणे जिला अवघड, तिला पंधराजणांची सोबत रस्ता मोकळा करून देते.

मुलीच्या हाती सायकल आली की काय घडते, याचा पुरावाही आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. तिचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. छत्तीसगडमध्येही सरस्वती सायकल योजनेतून नववीतल्या मुलींना सायकली मिळतात. जी सायकल शाळेपर्यंत नेते, ती रविवारी राजिमपर्यंतही नेऊ शकते; मात्र कोणीतरी तिला गटात बोलावले पाहिजे.

आणि आता पुन्हा उरल्याच्या त्या रस्त्याकडे. हौशी स्वारांच्या मागे लाल दिवा आहे; रात्रपाळीहून परतणाऱ्याच्या मागे नाही. अंधारात मागून येणाऱ्या ट्रकचालकाला एक दिसतो, दुसरा दिसत नाही. हा फरक काही रुपयांच्या चमकत्या पट्टीचा आहे. महिन्यातून एका रविवारी क्लबाने लांबची सहल काढू नये. कारखान्याच्या फाटकाशी पाळी सुटण्याच्या वेळी उभे राहावे, सायकलींच्या मडगार्डवर लाल पट्टी चिकटवावी, सैल ब्रेक आवळून द्यावेत, सुकलेल्या चेनला तेल घालावे. यात उपकाराचा भाव नसावा. रोज सायकल चालवणारा तो कामगार वर्षाकाठी जेवढे किलोमीटर कापतो, तेवढे बहुतेक क्लब-सभासद कापत नाहीत. अनुभवाने तोच ज्येष्ठ आहे. मंदावलेल्या वाऱ्यात कसे जावे, चिखलातून कसे निघावे, पंक्चर रस्त्याकडेला कसे काढावे, हे त्याच्याकडून शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

क्लबाचा नियम जर खरा असेल, तर शेवटची सायकल कोणती हे पुन्हा एकदा पाहावे लागेल. ती आपल्या रांगेतली धापा टाकणारी तर असेलच. पण समोरून येणारी, दिवा नसलेली, डबा अडकवलेलीही असेल. तिच्यासाठी थांबण्याची सवय ज्या वयात लागते, ते वय शाळेचे. साठ वर्षे शाळेच्या फाटकातून सायकली आत येत राहिल्या आणि बाहेर जात राहिल्या. त्यांतील प्रत्येक स्वाराने वळणावर एकदा मागे वळून पाहावे आणि मागचा पोहोचला, त्याने श्वास घेतला, याची खात्री करूनच पुढे पेडल मारावे, एवढीच या महोत्सवी प्रसंगी अपेक्षा.

इत्यलम्.