क्वार्टर सोडण्यापूर्वी घर, पैसे देण्यापूर्वी कागद

(निवृत्तीला आलेल्या रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेले भाषण)



महागाई भत्ता आणि पेन्शन हे आमचे नेहमीचे विषय. आज आम्ही ते बाजूला ठेवणार आहोत. आज बोलायचे आहे ते घराबद्दल. तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून कामगाराच्या हातात एकदाच मोठी रक्कम येते, आणि ती बहुतेक वेळा घरातच जाते. ती चुकीच्या जागी गेली तर दुसरी संधी नाही.

आपल्यापैकी पुष्कळांचे सारे आयुष्य कॉलनीत गेले. मुले तेथेच वाढली, लग्ने तेथेच झाली. त्यामुळे क्वार्टर हेच आपले घर असे वाटू लागते. ८ मे १९७४ रोजी रेल्वेचा संप सुरू झाला, तेव्हा ठिकठिकाणी संपवाल्यांच्या बायकामुलांना सामानासकट क्वार्टरबाहेर काढण्यात आले. ते दिवस पाहिलेल्या ज्येष्ठांनी आम्हाला एकच शिकवले : क्वार्टर नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबर जाते.

आता मुख्य अडचण ऐका. रेल्वेत निवृत्तीनंतर नेहमीच्या भाड्याने चार महिने क्वार्टर ठेवता येते. आजारपण किंवा मुलांचे शिक्षण असे कारण मंजूर झाले तर आणखी चार महिने, पण दुप्पट भाड्याने. त्यानंतर दंडाचे भाडे सुरू होते. आणि क्वार्टर रिकामे केल्याशिवाय ग्रॅच्युइटी हातात पडत नाही. म्हणजे घर घ्यायला ग्रॅच्युइटी हवी, ग्रॅच्युइटी मिळायला क्वार्टर सोडायला हवे, आणि क्वार्टर सोडायला घर हवे! या चक्रात सापडलेला माणूस घाई करतो, आणि घाई झालेल्या गिऱ्हाइकाची वाट पाहणारे लोक कॉलनीच्या फाटकापाशीच उभे असतात. टपाल खात्यातील बंधूंचे नियम वेगळे आहेत. त्यांनी आपली मुदत कार्यालयातून लेखी विचारून घ्यावी.

आमच्या एका ट्रॅकमन बंधूंचे उदाहरण सांगतो. निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्यांनी गावाबाहेर फ्लॅट 'बुक' केला. सहा लाख रुपये रोख दिले, पावती साध्या चिठ्ठीवर. जमीन शेतीची होती, बिगरशेती झालेलीच नव्हती. जोत्यावर काम थांबले. दोन वर्षे हे बंधू भाड्याच्या एका खोलीत राहिले. युनियनने पत्रे लिहिली, वकील दिला, तेव्हा निम्मे पैसे हप्त्याहप्त्याने परत आले. त्यांना फसवले ते बिल्डरने, पण त्यांना त्याच्या दारात नेऊन उभे केले ते अपुऱ्या मुदतीने.

म्हणून पहिली गोष्ट : घराचा विचार निवृत्तीच्या दिवशी नव्हे, निदान सात-आठ वर्षे आधी करा. सरकारची गृहबांधणी अग्रिम योजना, म्हणजे एच.बी.ए., याच कामासाठी आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे मूळ पगाराच्या ३४ पट किंवा २५ लाख रुपये, यांत जे कमी असेल आणि परतफेडीच्या ताकदीत बसेल, तेवढी रक्कम मिळते. सेवा कायम असावी किंवा सलग पाच वर्षे झालेली असावी. व्याज सरळ असते, चक्रवाढ नसते. आधी मुद्दल फिटते, मग व्याज. नोकरी थोडीच उरली असेल तर बाकी ग्रॅच्युइटीतून वळती करण्याची सोय आहे. बँकेच्या दारात जाण्यापूर्वी दोन्हींचा हिशेब कागदावर मांडा. १ जानेवारी २००४ पूर्वी लागलेल्या बंधूंना भविष्य निर्वाह निधीतूनही घरासाठी रक्कम काढता येते.

आणि एक विसरू नका. स्थावर मालमत्ता घेण्यापूर्वी खात्याला कळवणे आचरण नियमांनुसार बंधनकारक आहे. रेल्वेला १९६६ चे नियम, टपालला १९६४ चे. पुढे चार्जशीट हातात पडण्यापेक्षा आज एक अर्ज बरा.

दुसरी गोष्ट : आधी कागद, मग पैसा. बांधकाम चालू असलेली इमारत असेल तर रेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि आपल्या राज्याच्या रेराच्या संकेतस्थळावर तो स्वतः, नाहीतर मुलाकडून, तपासून घ्या. २०१६ च्या या कायद्याने करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घेण्यास बिल्डरला मनाई आहे. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्याच इमारतीच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. किंमत चटई क्षेत्रावर सांगावी लागते. 'सुपर बिल्टअप'चे आकडे ऐकून भुलू नका. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे.

पण लक्षात ठेवा, ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या इमारतीला रेराची नोंदणी सक्तीची नाही. लहान जंक्शनच्या गावांत अशाच इमारती जास्त असतात. महाराष्ट्रात तेथे १९६३ च्या मोफा कायद्याचा आधार आहे, तरी डोळे दुप्पट उघडे ठेवा.

जमिनीचा उतारा पाहा. महाराष्ट्रात आणि गुजरातेत सातबारा, शहरात मालमत्ता पत्रक. इटारसी-इंदूरकडे खसरा, हुबळीकडे पहाणी आणि खाता, सिकंदराबादेत बोजा दाखवणारी ई.सी. नाव कोणतेही असो, प्रश्न तीनच : मालक कोण, कर्ज आहे का, आणि जमीन बिगरशेती झाली का. मागच्या तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या, आणि तो वकील बिल्डरचा नसावा. इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. जुने घर सोसायटीत असेल तर शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला आणि मूळ करारांची साखळी पाहा. महाराष्ट्रातील सोसायटीला हस्तांतरण शुल्क म्हणून २५,००० रुपयांपेक्षा जास्त मागता येत नाही, मग 'देणगी' हे नाव दिले तरी.

रोख रक्कम देऊ नका. २०१५ पासून घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रोखीने घेणे कायद्याने बंद आहे. 'थोडे काळे, थोडे पांढरे' म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि उठा. आपली सारी कमाई पांढरी आहे, ती काळी करून द्यायची कशाला? मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे पहिल्यापासून वेगळे धरा. महाराष्ट्रात फक्त स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. सवलतीपेक्षाही मोठी गोष्ट ही की आपल्या मागे तिच्या डोक्यावर तिच्या हक्काचे छप्पर राहते.

तिसरी गोष्ट घराच्या निवडीची. ट्रॅकवर, यार्डात, टपालाची थैली खांद्यावर घेऊन झिजलेले गुडघे आहेत आपले. लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला स्वस्त पडतो, पण साठीनंतर तो महाग होतो. रेल्वेचा दवाखाना किंवा आपली औषधे मिळतात ते केंद्र किती दूर आहे, ते पाहा. घर एकदा दिवसा, एकदा रात्री आणि जमल्यास एकदा भर पावसात बघा. पाणी किती वाजता येते हे दलालाला विचारू नका, शेजारच्या बाईंना विचारा. आणि घरच्या मंडळींना बरोबर न्या. स्वयंपाकघरात दिवसभर उभे राहायचे आहे ते त्यांना.

आता घर हलवण्याचे. क्वार्टर सोडताना इमारत व वीज या दोन्ही विभागांच्या कर्मचाऱ्यांसमोर ताबा द्या, मीटरचे रीडिंग लिहून घ्या आणि सहीचा कागद घेतल्याशिवाय किल्ली सोडू नका. त्या एका कागदावाचून ग्रॅच्युइटी महिनोन्‌महिने अडकलेली आम्ही पाहिली आहे. निवृत्तीनंतर कायमचे राहण्यासाठी सामान हलवताना सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत बदली अनुदान मिळते, रेल्वेवाल्यांना सामानाचा किट पासही मिळतो. वर्षभरात घर हलवा, नाहीतर हक्क जातो. नव्या घरात गेल्यावर वीज मीटर, घरपट्टी, रेशनकार्ड, आधार आणि पेन्शनची बँक येथे पत्ता बदला, आणि सोसायटीत नामनिर्देशन त्याच आठवड्यात करा.

आणि घर मनासारखे मिळालेच नाही तर? तर मुदत संपण्यापूर्वी क्वार्टर सोडा, वर्षभर भाड्याने राहा आणि ग्रॅच्युइटी हातात घेऊन शांतपणे शोधा. वर्षाचे भाडे गेले तरी चालेल, आयुष्याची पुंजी जाता कामा नये. सही करण्यापूर्वी कागदांच्या झेरॉक्स घेऊन शाखा कार्यालयात या. पगाराच्या स्लिपवर आपण एकेक रुपया तपासतो, मग घराच्या करारावर डोळे मिटून सही का करावी?

बंधूंनो, आठ तासांचा दिवस, आठवड्याची सुट्टी, पेन्शन, यांतले काही कोणी आपल्याला दान दिले नाही. हे सारे संघटनेने मिळवले. त्या कमाईतून उभे राहणारे घरही एकट्याने, घाबरून, घाईने घेऊ नका. एकमेकांना विचारून घ्या. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!