भाकरींचा हिशेब

(कापणीच्या सणाच्या उपासनेनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोठ्या देणगीदार संस्थांकडे अर्ज कसा करावा यावर बोलायला पाळकसाहेबांनी मला सांगितले आहे. मी यातली तज्ज्ञ नाही. चार अर्ज केले, त्यातले तीन नामंजूर झाले. तेव्हा नापासाचा अनुभव माझ्याकडे भरपूर आहे.

आपले काम धडगावच्या बाजूला, सातपुड्यातल्या पाड्यांवर आहे. दिवाळी झाली की तिथली कुटुंबे ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात, ती होळीच्या आसपास परततात. लेकरे सोबत गेली की त्यांचे शाळेचे वर्ष बुडते. म्हणून आपण त्या महिन्यांत एकतीस मुलांना पाड्यावरच ठेवून घेतो. जेवण आपल्याकडे, शाळा जिल्हा परिषदेची. एवढेच काम. पण ते दर वर्षी करावे लागते, आणि पैसा दर वर्षी नोव्हेंबरच्या आधी लागतो.

पहिल्या अर्जाची गोष्ट सांगते, कारण त्यात चूक माझी होती. त्या संस्थेच्या अर्जात अट होती की, लाभार्थी किमान शंभर असावेत. आपले एकतीस. एका माहितगार माणसाने सांगितले, "ताई, आसपासच्या पाड्यांची मुले धरा, कोण मोजायला येतंय?" मी एकशे दहा लिहिले. स्वतःची समजूत घातली की, पैसे आले की तेवढी मुले घेऊच.

मोजायला आले. एक तरुण अधिकारी सकाळी जीपने आले. त्यांनी रजिस्टर मागितले नाही, खाटा मोजल्या नाहीत. सरळ चुलीपाशी गेले आणि स्वयंपाकाच्या मावशींना विचारले, "मावशी, दिवसाला भाकरी किती थापता?" मावशी म्हणाल्या, "दोन्ही वेळच्या मिळून सव्वाशे." त्यांनी माझ्याकडे पाहिले. एकशे दहा मुले सव्वाशे भाकरींत दोन वेळ जेवत नाहीत, हे कळायला हिशेबनीस लागत नाही. मावशींना आपण काही बिघडवले हे कळलेच नाही. त्यांनी साहेबांना भाकरी आणि चटणी वाढली.

निघताना ते म्हणाले, "एकतीस लिहिले असते तर आमच्याकडून नकारच आला असता. पण लहान कामांना मदत करणाऱ्या दुसऱ्या संस्था आहेत. आता त्यांना माझ्याकडून नाव सांगता येणार नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही. नकाराचे दुःख नव्हते, मावशींसमोर खोटी पडले याचे होते.

त्यानंतरच्या दोन नकारांत सांगण्यासारखे फार नाही. एक उशिरा पोचला. दुसऱ्यात कागद अपुरे होते. कागदांचे मात्र मनावर घ्या, कारण आपल्यापैकी पुष्कळजण लहान संस्था चालवता. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आयकराची १२ए आणि ८०जी, नीती आयोगाच्या दर्पणवरचा क्रमांक, हे आधी हातात हवे. कंपनीचा सामाजिक दायित्वाचा पैसा हवा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ची नोंदणीही लागते. मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामावर खर्च करणे कायद्याने भाग आहे, त्यामुळे पैसा आहे. पण ८०जी संपलेल्या संस्थेचा अर्ज कोणी उघडूनही पाहत नाही. परदेशी पैशाचा रस्ता वेगळा आणि अवघड आहे. एफसीआरए नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, पाठवणारा कितीही ओळखीचा विश्वासणारा असो.

चौथ्या अर्जात एकतीसच लिहिले. एका प्रश्नावर मात्र कमिटीत दोन संध्याकाळी वाद झाला: संस्था धार्मिक आहे का? काहींचे म्हणणे, लेटरहेडवरचा क्रूस काढा. मला ते पटेना. पंडिता रमाबाईंच्या शाळेसाठी १८८७ साली बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. मुलींवर धर्माची सक्ती नाही, हे ठरलेले होते. तरी पुढे पुण्यात त्याच मुद्द्यावरून वादळ उठले. जिथे संशय येऊ शकतो तिथे आपणच आधी स्पष्ट लिहावे, हे मी त्यातून घेतले. आम्ही लिहिले: आम्ही ख्रिस्ती लोक आहोत, मुले सगळ्यांची आहेत, या निधीतून उपासनेवर काही खर्च होणार नाही, त्याचे बँक खाते वेगळे राहील. क्रूस जागेवर राहिला.

शेवटचा रकाना होता, "स्थानिक सहभाग." तिथे मी "मंडळीचे सहकार्य" असे दोन शब्द लिहून मोकळी होणार होते. आपल्या खजिनदारांनी अडवले आणि धान्याची वही पुढे केली. गेल्या पाच कापणीच्या सणांत तुम्ही दिलेली ज्वारी, तूरडाळ, लिलावातल्या भोपळ्याचे पैसे, सगळे तारीखवार, सहीसकट. एका आजींचे दर वर्षी दोन पायली. बाजारभावाने त्याची किंमत काढली तेव्हा मुलांच्या जेवणाचा जवळजवळ तिसरा हिस्सा निघाला. भेटीला आलेल्या बाईंनी आमचा उद्दिष्टांचा तक्ता पाच मिनिटांत चाळला आणि ती वही अर्धा तास वाचली.

यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, म्हणजे पैशावरून कोणी बोट ठेवू नये. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा तो आठवा अध्याय मी पदविकेला असताना परीक्षेपुरता वाचला होता.

तीन वर्षांचा निधी मागितला होता, दोन वर्षांचा मिळाला. पहिला हप्ता जानेवारीत येणार आहे. मुले दिवाळीनंतर लगेच येतील. म्हणजे नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांचे धान्य अजून कुठल्याही संस्थेच्या अंदाजपत्रकात नाही. मावशींच्या हिशेबाने रोज सुमारे बारा किलो पीठ लागते.

वही आज मागच्या टेबलावर ठेवली आहे. किलोभर असले तरी नोंदवा, आणि कृपा करून सही स्वतःची करा. मागच्या वर्षी एका भावाने सगळ्या घराच्या सह्या एकट्यानेच केल्या होत्या, त्या खजिनदारांनी खोडून पुन्हा घेतल्या.