न चालणारी चित्रफीत



शाळेच्या संगणकावर चित्रफीत चालली नाही, की ती बिघडली असे समजून पुसून टाकण्याची घाई होते. मुलांनी केलेल्या प्रयोगाची चित्रफीत पुन्हा कशी मिळणार? नावाअखेरचे ‘एमपी४’ केवळ डबा सांगते. आत चित्र कोणत्या रीतीने दाबून भरले आहे, ते सांगत नाही. २००३ सालची एच.२६४ ही रीत बहुतेक संगणक जाणतात. आजचे कित्येक फोन वापरतात ती २०१३ सालची एच.२६५ मात्र जुन्या संगणकांना पुष्कळदा उलगडत नाही. आवाज येतो, पडदा काळाच! तेथे व्हीएलसी हा विनामूल्य प्लेअर घालावा. उलगडण्याची साधने त्यातच असतात. नाव बदलून काहीच साधत नाही. तरीही न चालल्यास मूळ फाइलशी आकार ताडून पाहावा. पेनड्राइव्ह घाईने काढल्यास नक्कल अर्धवट राहते. तोवर फोनमधील मूळ प्रत पुसू नये.