घरातली जुनी पेटी : ओळख आणि किंमत

(कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, दूध आटेपर्यंत बोला." दूध किती आहे ते मी आधीच बघून आलोय. वीस मिनिटं सहज मिळतील.

विषय जुन्या पेटीचा आहे. पेटी म्हणजे हार्मोनियम. तुमच्या माळ्यावर, दिवाणाखाली किंवा गावाकडच्या घरात एखादी असेल. ती ओळखायची कशी आणि तिची किंमत काय धरायची, एवढंच सांगणार आहे. मी गवई नाही, वादकही नाही. चौतीस वर्षं बँकेत काढली. पण पेटीकडे का वळलो ते आधी सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे इथे राहायला आलो. आम्ही आलो नारायण पेठेतल्या वाड्यातून. दोन खोल्या आणि एक माळा यातून इतकं सामान निघालं की टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, तीन खेपा होतील." मी बँकेतला माणूस, एका खेपेत बसवायचं ठरवलं. जे बसलं नाही ते काढून टाकलं. त्यात वडिलांची पेटी होती. दर गुरुवारी घरी भजन व्हायचं, तेव्हा ते वाजवायचे. ते गेल्यावर ती माळ्यावर गेली. भाता फाटला होता, चार पट्ट्या दबून बसल्या होत्या. जुन्या बाजारात माल लावणारा एक जण वाड्यात आला होता. त्यानं दीडशे रुपये दिले आणि मी पेटी देऊन टाकली. खरं सांगतो, तेव्हा मला वाटलं, मीच त्याला फसवलं.

वास्तुशांतीला माझी थोरली बहीण नाशिकहून आली. वडिलांकडे पेटी शिकली ती ताईच. जेवणं झाल्यावर तिनं विचारलं, "अरे, पेटी कुठल्या खोलीत ठेवलीस?" मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मला एक फोन करायचास रे." बस्स, एवढंच. तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यापासून मी बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात जाऊ लागलो. बुधवारी बँकेत रजा टाकून, रविवारी पिशवी घेऊन. पेटी काही सापडली नाही. पण ती शोधताना दुसऱ्यांच्या पन्नासएक पेट्या उघडून पाहिल्या, दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या दुकानात तासन् तास बसलो. जे काही शिकलो ते असं शिकलो.

आता मूळ विषय. पेटी आपली वाटते, पण तिचं माहेर पॅरिस. अलेक्झांडर डेबेन नावाच्या कारागिरानं 1842 साली तिथे हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती खुर्चीवर बसून, पायानं भाता मारून वाजवायची. आपण जमिनीवर मांडी घालून बसणारी माणसं. म्हणून इकडे आल्यावर भाता मागे गेला आणि डाव्या हाताकडे आला. कलकत्त्याच्या द्वारकिन कंपनीचं नाव या हातपेटीशी जोडलं जातं, तो काळ 1880 च्या आसपासचा. त्याच सुमारास आपल्या पुण्यात, 1880 साली, अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं. पुढे संगीत नाटकांनी पायपेटी आणि ऑर्गन घरोघर माहीत केले. गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिला. आपल्या पिढीनं अप्पा जळगावकरांची साथ ऐकली आहे, आणि पु.लं.ची पेटी तर ठाऊकच आहे.

तरीही पेटीला सतारीसारखी प्रतिष्ठा मिळाली नाही. रवींद्रनाथांना ती आवडत नसे. ऑल इंडिया रेडिओनं 1940 साली तिला दार बंद केलं, ते 1971 पर्यंत. दोन स्वरांच्या मधला स्वर तिच्यात नाही, मींड निघत नाही, असा आक्षेप होता. मला वाटतं, म्हणूनच आपण सतार काचेच्या कपाटात ठेवतो आणि पेटी माळ्यावर टाकतो.

माझा नातू अमेरिकेत असतो. त्यानं मागच्या वर्षी एक जुनी युकुलेली घेतली. चार तारांचं, गिटारच्या पिल्लासारखं वाद्य. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरचे लोक 1879 साली हवाई बेटांवर मजुरीला गेले, त्यांच्याबरोबर गेलेल्या छोट्या वाद्यातून ही घडली. नातू म्हणाला, "आजोबा, मार्टिन कंपनीच्या जुन्या युकुलेलीवर बहुधा नंबर नसतो. मग खुंट्या लाकडाच्या की धातूच्या, नाव ठसा मारून उमटवलंय की चिकटवलंय, यावरून काळ ठरवतात." मी म्हटलं, अरे, आमच्या पेटीचं तेच आहे! तिचा जन्मदाखला नसतो. अवयव बघूनच वय काढायचं.

तर कसं बघायचं? पहिली गोष्ट, वरच्या पाटीवर भुलू नका. दर्शनी बाजूचं पितळी नाव बहुतेक वेळा दुकानदाराचं असतं. पूर्वी सूर बाहेरून मागवायचे, खोकं इथे बांधायचं आणि आपली पाटी ठोकायची अशी रीत होती. जुने चांगले सूर काढून नव्या खोक्यात बसवलेलेही असतात. उलटंही होतं, खोकं जुनं आणि सूर नवे. म्हणून पेटी उघडल्याशिवाय मत देऊ नये.

दुसरी गोष्ट सुरांची. सूर म्हणजे रीड, पितळेच्या पट्टीवर बसवलेली पितळेची पातळ जीभ. पेटीचा जीव तिच्यात. जुने लोक 'पॅरिस सूर' आणि 'जर्मन सूर' म्हणतात ते हेच. पॅरिसच्या कासरिएल कारखान्याचं नाव वादक अजून आदरानं घेतात, जर्मनीच्या 'ज्युबिलेट' सुरांचंही. दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल येणं अवघड झालं. गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर आज सगळीकडे चालतात, आणि त्यातही उत्तम सूर असतात. परदेशी म्हणजे चांगलं आणि देशी म्हणजे कमी, असं धरू नका.

सूर पाहताना जिभेवर कानशीचे ओरखडे किती आहेत ते बघा. टोकाला घासलं की स्वर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. कारागीर असंच ट्यूनिंग करतात. पण दर वेळी थोडं पितळ जातं. पन्नास वर्षांत दहा जणांनी घासलेला सूर नावानं पॅरिसचा असला तरी ताकदीनं म्हातारा झालेला असतो. माझ्यासारखाच!

तिसरी गोष्ट भात्याची. भाता मारून आत हवा भरा, एकही पट्टी दाबू नका आणि मनात आकडे मोजा. हवा बराच वेळ टिकली तर कातडं शाबूत. लगेच बसली तर गळती आहे. गळतीला घाबरू नका, कातडं आणि पुठ्ठा बदलता येतो. त्यानंतर एकेक स्टॉपर वेगळा उघडून प्रत्येक पट्टी वाजवा. खर्ज, नर, मादी अशा सुरांच्या ओळी असतात, त्या वेगवेगळ्या ऐकू येतात. कुठे घरघर, कुठे उशिरा लागणारा स्वर, कुठे मुका, ते कागदावर लिहा. पट्ट्याही मोजा. साडेतीन सप्तकांच्या पेटीत बेचाळीस असतात.

चौथी गोष्ट पांढऱ्या पट्ट्यांच्या मुलाम्याची. प्लॅस्टिक, सेल्युलॉइड, हाड किंवा हस्तिदंत, काहीही असू शकतं. हाडावर बारीक काळे ठिपके दिसतात. सेल्युलॉइड बोटानं चोळलं तर किंचित कापराचा वास येतो. तापलेली सुई लावून बघू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं. आणि हस्तिदंत निघालं तर विकायच्या भानगडीत पडू नका, त्याची खरेदी-विक्री कायद्यानं बंद आहे. मुलाबाळांकडे परदेशी पेटी पाठवायची असेल तर आणखी एक नियम. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते. तशी शंका असेल तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

आता किंमत. इथे माझी बँक कामाला आली. सोनेतारण करताना सराफ दागिना कसोटीवर घासायचा, वजन करायचा, त्यातून खडे आणि लाख वजा करायचा. एकदा एक बाई पाटल्या घेऊन आल्या. म्हणाल्या, "साहेब, सासूबाईंच्या आहेत हो." सराफानं मान हलवली आणि वजन लिहिलं. सासूबाईंसाठी फॉर्मवर रकाना नव्हता.

पेटीचेही मी तीन आकडे काढतो. पहिला भंगाराचा, म्हणजे पितळ आणि सागवान वजनावर. दुसरा वाजत्या पेटीचा. तशीच नवी पेटी आज कितीला मिळते ते दोन दुकानांत विचारायचं आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा. तिसरा शौकिनाचा. सूर दुर्मिळ असतील, मूळ खोक्यात असतील आणि फार घासलेले नसतील तरच तो लागू होतो, आणि तसा गिऱ्हाईक रोज भेटत नाही. विकत घ्यायला आलेला माणूस पहिला आकडा बोलतो, आपण मनात तिसरा धरून बसतो. व्यवहार बहुधा दुसऱ्याच्या जवळपास होतो.

हे आपल्याच सोसायटीत घडलं. वहिनींची परवानगी घेऊन सांगतो, नाव सांगत नाही. त्यांच्या यजमानांची पेटी होती. आत 'जर्मनी' असं लिहिलेली चिठ्ठी. कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं की अशा पेट्या लाखांत जातात. घरात हिशेबही सुरू झाले होते. मला बघायला बोलावलं. कारागिराला घेऊन गेलो, पेटी उघडली. चिठ्ठी जर्मनीची, सूर आपल्याकडचे, खालच्या फळीला वाळवी. काय बोलावं कळेना. खोटं बोलून बरं वाटलं असतं, पण सराफानं कसोटीवर खोटं बोलून कसं चालेल? मी सांगितलं, "वहिनी, विकायला गेलात तर फार काही येणार नाही."

त्या थोडा वेळ पेटीकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "पण भाऊजी, वाजेल का?"

कारागीर म्हणाला, वाजेल. फळी बदलली, भात्याला कातडं लावलं, सहा सूर नवे घातले. आज मंगळवारच्या भजनी मंडळात तीच पेटी आहे. मघाशी गणेशवंदना झाली ती तिच्यावरच, आणि वाजवत होती ती त्यांची नात.

मला पुष्कळ जण विचारतात, तुमच्या वडिलांच्या पेटीची किंमत किती असेल? तिच्या आत 'पॅरिस' लिहिलेला कागद होता असं मला अंधुक आठवतं. पण आत्ताच सांगितलं, कागदावर विश्वास ठेवायचा नाही. सूर मी पाहिलेच नव्हते. म्हणजे मी काय विकलं हेच मला माहीत नाही. दीडशे रुपये कमी आले याचं दुःख नाही. न उघडता दिली, आणि जिची होती तिला न विचारता दिली, हे राहून गेलं.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं तीनच गोष्टी मागतो. दिवाळीची आवराआवर तोंडावर आली आहे. पेटी निघाली तर भंगारवाल्याच्या आधी मला हाक मारा, मी फुकट येतो, फक्त चहा द्या. दुसरं, एका कागदावर पेटी कुणाची, कधी घेतली, कुणी दुरुस्त केली ते लिहा आणि झाकणाच्या आत ठेवा. या कागदावर मात्र पुढची पिढी विश्वास ठेवील. आणि तिसरं, काहीही ठरवण्याआधी त्या पेटीवर घरात कोण वाजवत होतं ते आठवा, आणि त्याला एक फोन करा.

ताई आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे, बोटं वळत नाहीत. मागच्या महिन्यात फोनवरून तिला मंगळवारचं भजन ऐकवलं. शेवटी म्हणाली, "पेटी काळी दोनला लावलीय वाटतं. नाना पण तिथूनच धरायचे."

दूध आटलेलं दिसतंय. थांबतो.