जन्मांधास रंग सांगतांना

(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं देऊळ कोणीं बांधलें, घंटा कोठून आली, हें सांगण्याची रीत आहे. तें काम आमच्याहून जाणत्या वक्त्यांनीं आतांच केलें. आम्हांस धर्मशिक्षणाच्या वर्गाविषयीं बोलण्याची आज्ञा झाली आहे. त्या वर्गांत आमची जी फजिती झाली, तीच आज आपल्यापुढें ठेवतों.

आमच्या वर्गांत एक जन्मांध मुलगी आहे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं आम्ही मुलांस सांगत होतों कीं, आज धर्मगुरूंनीं जांभळा झगा घातला आहे. सर्व मुलांनीं माना डोलाविल्या. ही तेवढी उठून म्हणाली, "गुरुजी, जांभळा म्हणजे कसा?" आम्हीं म्हटलें, "बाय, तें तुला पुढें कळेल." पुढें म्हणजे केव्हां, हें आम्हांसही ठाऊक नव्हतें. मुलगी खालीं बसली. तिनें पुन्हां विचारलें नाहीं, आणि तेंच आमच्या मनास लागलें.

पुढच्या रविवारीं आम्ही उत्तर तयार करून गेलों. तांबडा रंग सोपा वाटला, म्हणून त्यापासून आरंभ केला. "तांबडा म्हणजे मिरचीसारखा, झोंबणारा." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पण हिरवी मिरची तर सुक्या लाल मिरचीपेक्षां जास्त झोंबते. मग हिरवा हा तांबड्याहून तांबडा का?" वर्ग हंसला. आम्हीही हंसलों, उत्तर मात्र सुचलें नाहीं.

ही चूक आमच्या एकट्याची नव्हे. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानें आपल्या १६९० सालच्या ग्रंथांत एका अंध गृहस्थाची गोष्ट सांगितली आहे. पुष्कळ विचार करून त्या गृहस्थानें असा निर्णय केला कीं, लाल रंग हा तुतारीच्या आवाजासारखा असला पाहिजे. लॉकनें ही गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठीं कीं, जें एका इंद्रियानेंच कळतें तें शब्दांनीं दुसऱ्यास देतां येत नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यावरून जन्मांधास रंगाविषयीं कांहींच कळावयाचें नाहीं असें ठरविणें, ही दुसरी आणि अधिक निष्ठुर चूक होय. निकोलस साँडरसन यांचा जन्म १६८२ सालीं झाला. सुमारें एक वर्षाचे असतांना देवीच्या रोगानें त्यांची दृष्टि गेली. तेच पुढें १७११ सालीं केंब्रिज विद्यापीठांत, पूर्वीं न्यूटननें भूषविलेल्या आसनावर, गणिताचे प्राध्यापक झाले, आणि प्रकाशाच्या नियमांवरही त्यांनीं व्याख्यानें दिलीं. ऐकणारे डोळस होते. आणि डोळसपणाचा गर्व तरी आम्हीं किती करावा? मधमाशीस जो अतिनील प्रकाश दिसतो, तो या सभामंडपांत बसलेल्या एकालाही दिसत नाहीं.

मग आम्हीं रीत बदलली. रंग कशासारखा आहे हें सांगणें सोडलें. रंग कोठें कोठें आहे, तो केव्हां येतो, आणि आला म्हणजे काय होतें, एवढेंच सांगूं लागलों. पवित्र सभेनें ही सोय पूर्वींच करून ठेवली आहे. तिसरे इनोसंट यांनीं पोप होण्यापूर्वीं, बाराव्या शतकाच्या अखेरीस, रोम येथील झग्यांच्या रंगांची चाल लिहून ठेविली. पांढरा, तांबडा, हिरवा आणि काळा हे त्यांतले मुख्य रंग. पुढें १५७० सालच्या मिस्साग्रंथानें नियम पक्के केले. शुभ शुक्रवारचा काळा झगा वृद्ध मंडळींस आठवत असेल. १९७० सालच्या मिस्साग्रंथापासून त्या दिवशीं तांबडा वापरतात.

तांबड्याविषयीं आम्हीं तिला सांगितलें, "झावळ्यांच्या रविवारीं तांबडा, शुभ शुक्रवारीं तांबडा, पेंटेकॉस्टला तांबडा आणि रक्तसाक्षींच्या सणाला तांबडा. कारण रक्त आणि अग्नि हीं दोन्हीं पाहणाऱ्यास एका रंगाचीं दिसतात." ती म्हणाली, "म्हणजे तांबडा ऊन असतो." आम्हीं म्हटलें, "तुझ्या आजीचें लुगडेंही तांबडेंच आहे." त्यावर ती म्हणाली, "तें तर थंड असतें." आणि मग आपणच म्हणाली, "म्हणजे ऊब रंगाची नव्हे, रक्ताची." मिरचीचें ऋण अशा रीतीनें फिटलें.

जांभळ्याची गोष्ट याहून निराळी झाली. प्रायश्चित्तकाळ आला तेव्हां आम्हीं तिला सांगितलें कीं, जांभळा झगा आला म्हणजे काय काय ऐकूं येत नाहीं तें मोज. राखेच्या बुधवारनंतरच्या दुसऱ्या रविवारीं तिनें यादी सांगितली. ग्लोरिया नाहीं. आलेलूया नाहीं. ऑर्गन केवळ गायनास आधार देतो. गायन थांबलें कीं तोही थांबतो. वेदीपाशीं फुलांचा वासही नाहीं. हें शेवटचें आम्हीं तिला सांगितलें नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आमच्या डोळ्यांनींही तें त्या वर्षीं टिपलें नव्हतें. चौथ्या रविवारीं गुलाबी झगा आला. मिस्सा संपल्यावर ती धांवतच आमच्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, गुलाबी म्हणजे जांभळ्यांतच मध्यें ऑर्गन सुटा वाजतो, तो!"

पवित्र गुरुवारीं ग्लोरियाच्या वेळीं घंटा वाजल्या आणि मग मुक्या झाल्या. पास्काजागरणाच्या रात्रीं ग्लोरियाबरोबर त्या पुन्हां वाजूं लागल्या, तेव्हां तिनें शेजारीं बसलेल्या आपल्या आईस मोठ्यानें सांगितलें, "आई, पांढरा!" पुढच्या बांकावरील मंडळींनीं वळून पाहिलें. आम्हीं मात्र मान वळविली नाहीं, कारण त्या वेळीं आमचा चेहरा कोणास दिसावा अशी आमची इच्छा नव्हती.

एवढें झालें तरी जांभळा डोळ्यांस कसा दिसतो, तें आम्हीं तिला दिलें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तिलाही तें ठाऊक आहे. एकदां तिनें विचारलें, "मला कळतो तो जांभळा आणि तुम्हांस दिसतो तो, दोन्हीं एकच का?" आम्हीं सांगितलें, "नाहीं, बाय. पण तो येतो एकाच दिवशीं." तिला हें उत्तर पुरेसें वाटलें असावें, कारण त्यानंतर तिनें मिठाईविषयीं विचारलें.

एक प्रश्न शिल्लक आहे. सामान्य काळाचे तेहेतीस चौतीस आठवडे हिरवा झगा असतो. त्या काळांत कांहीं बंद होत नाहीं, कांहीं नव्यानें सुरूही होत नाहीं. "हिरव्याला स्वतःचा आवाजच नाहीं का?" असें तिनें मागच्या महिन्यांत विचारलें. आजच्या महोत्सवी मिस्सेचा पांढरा तिनें घंटांवरून ओळखला. येत्या रविवारीं हिरवा परत येईल, आणि वर्गांत तोच प्रश्न पुन्हां येईल. आपणांपैकीं कोणास उत्तर सुचल्यास शनिवारपर्यंत कळवावें, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.