टोपण लावा, मग आवराआवर करा



पावसाळा सरला, आकाश निवळलं की मला पत्रांतून आणि फोनवर एकच प्रश्न विचारला जातो. 'रात्री आकाशाचा फोटो काढला, त्यात लाल, निळे, हिरवे ठिपके आलेत. कॅमेरा बिघडला का?' मध्यंतरी कॉलेजातल्या एका मुलाने मृग नक्षत्राचा फोटो पाठवला. त्यातल्या काक्षी या ताऱ्याच्या शेजारी एक लालभडक ठिपका, त्याभोवती पेनाने गोल आणि खाली लिहिलेलं, 'नवा तारा असेल का?' त्याचा उत्साह बघून मला फार बरं वाटलं. पण तो तारा नव्हता. तो हॉट पिक्सेल होता.

ओळखायचा कसा? फोटो पुरता मोठा करून बघा. तारा कितीही बारीक असला तरी तो चार-सहा पिक्सेलवर पसरतो, त्याची कड मऊ दिसते. हॉट पिक्सेल टाचणीने टोचल्यासारखा, रंगाने भडक. दुसरी खूण आणखी पक्की. कॅमेरा साध्या तिकाटण्यावर असेल तर लागोपाठचे फोटो एकामागून एक बघा. आकाश तासाला 15 अंश सरकतं, तारे पुढे जातात. तो ठिपका जागचा हलत नाही.

आता तो येतो कुठून? सेन्सरच्या सिलिकॉनमध्ये नुसत्या उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटत राहतात, प्रकाशाचा कण पडला नाही तरी. गळक्या नळाखाली भांडं ठेवल्यासारखं आहे हे. दिवसा तुम्ही सेकंदाच्या 250व्या भागात फोटो काढता, तेवढ्यात भांड्यात काही साठत नाही. रात्री 30 सेकंद, दोन मिनिटं शटर उघडं ठेवलंत की साठलेलं दिसू लागतं. तुमच्या 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात असे 2 कोटी 40 लाख नळ आहेत, त्यातले काही जास्त गळणारच. हबल दुर्बिणीचे कॅमेरेही यातून सुटलेले नाहीत. अंतराळातल्या किरणांच्या माऱ्याने त्यांच्या सेन्सरवर नवे हॉट पिक्सेल तयार होत राहतात, म्हणून ते सेन्सर ठरावीक काळाने मुद्दाम गरम करून पुन्हा थंड करतात. तेव्हा कृपा करून कॅमेरा दुरुस्तीला टाकू नका. तो धडधाकट आहे.

उपाय म्हणजे डार्क फ्रेम. लेन्सला टोपण लावायचं आणि फोटो काढायचा. त्यात आकाश नाही, तारे नाहीत, फक्त गळती आहे. ती मूळ फोटोतून वजा करायची. एक्सपोजर तेवढंच, आयएसओ तोच. अशा 20 डार्क काढा, अनेक फोटो एकत्र करणारं स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर त्यांची एक मास्टर डार्क बनवतं. आणि सगळं रॉमध्ये, जेपेगमध्ये नाही.

इथपर्यंत सगळे ऐकतात. पुढचं ऐकत नाहीत. डार्क त्याच जागी, त्याच रात्री, शेवटचा फोटो झाल्याबरोबर काढायच्या. घरी येऊन नाही! दुसऱ्या दिवशी दुपारी तर मुळीच नाही!

का, ते सांगतो. साधारण सहा-सात अंशांनी तापमान वाढलं की ही गळती दुप्पट होते. भंडारदऱ्याला पहाटे 14 अंश होते आणि तुम्ही पुण्यात घरी 28 अंशात डार्क काढल्यात, तर गळती झाली चौपट. फोटोतल्या एक पट गळतीतून चौपट वजा केल्यावर काय राहणार? ठिपक्यांच्या जागी काळी भोकं. माझ्याकडे असा एक फोटो आला होता. मृगातल्या तेजोमेघाचा, दोन रात्री जागून घेतलेला, आणि त्या सुरेख गुलाबी पडद्यावर वाळवीने खाल्ल्यासारखी टिंबं. अहो, टोपण लावून दहा मिनिटं थांबला असतात तर! 30 सेकंदांच्या 20 डार्क म्हणजे दहाच मिनिटं होतात. मी हे दर वर्षी सांगतो, आणि दर वर्षी कोणीतरी म्हणतं, 'थंडी फार होती, गाडीत बसून काढल्या.' गाडीत नाही. बॅगेत नाही. जॅकेटच्या आत धरूनही नाही. कॅमेरा बंद न करता, तिकाटण्यावर, त्याच गार हवेत, होता तिथेच ठेवा. तुम्ही तोवर सतरंजी घडी करा, थर्मासमधला उरलेला चहा प्या. आरशाचा कॅमेरा असेल तर मागची नेत्रिकाही झाका, कारण कोणाच्या तरी टॉर्चचा उजेड तिथून आत शिरतो आणि डार्क वाया जाते.

कॅमेऱ्यातली 'लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन' ही सोय हेच काम करते. एक-दोन फोटो घ्यायचे असतील तर ती चालू ठेवा. दोन मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा पुढची दोन मिनिटं गप्प राहील, तेव्हा तो स्वतः डार्क काढत असतो. अडकला असं समजून बॅटरी ओढू नका. शंभर फोटो घ्यायचे असतील, ताऱ्यांच्या रेषा हव्या असतील, तर ती बंद करा. नाहीतर रात्र निम्मी जाईल आणि रेषा तुटक येतील.

डार्कखेरीज आणखी काही गोष्टी. ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर वापरणाऱ्यांनी दर दोन-तीन फोटोंनंतर चौकट किंचित हलवावी. त्याला डिदरिंग म्हणतात. स्टॅकिंग करताना तारे जुळवले की हॉट पिक्सेल विखुरतात आणि सिग्मा क्लिपिंगमध्ये, म्हणजे बाकी फोटोंशी न जुळणारे ठिपके वगळताना, गळून पडतात. लाइव्ह व्ह्यू काम झालं की बंद करा, सेन्सर तापतो. पिक्सेल मॅपिंगची सोय असेल तर वर्षातून एकदा चालवा. सॉफ्टवेअरमधला नॉइज रिडक्शन फार ओढू नका, बारीक तारे पुसले जातात.

ज्याने काक्षीशेजारी गोल काढला होता, त्या मुलाला मी हेच कळवलं. पुढच्या अमावास्येला तो वांगणीला जाऊन आला आणि मला दोन फाइली पाठवल्या. एकीत मृग, पट्ट्यातले तिन्ही तारे स्वच्छ. दुसरी पूर्ण काळी, आणि मोठी करून बघितल्यावर तिच्यात तोच लाल ठिपका, त्याच जागी. तुम्हीही मला फोटो पाठवाल तेव्हा सोबत ती काळी फाइल जोडा. मी आधी तीच उघडतो.